तुंगाबाईंचं हाड

प्रमोदिनीची नडगी आनेकलच्या बसखाली चिरडली. वर्षभर प्लास्टर ठेवूनही हाड जुळलं नाही. १९६६ साली बेंगळूरच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, “फट भरायला हिच्या कमरेचं हाड पुरणार नाही. आता जुळलं नाही, तर पाय कापावा लागेल.” “कमी पडेल ते माझं घ्या,” सासू तुंगाबाई म्हणाल्या. “दुसऱ्याचं हाड नुसता सांगाडा, अक्का,” डॉक्टरांनी समजावलं. “त्यात हिच्या हाडातली मज्जा भरली, तरच नवं हाड धरेल.” “सरी, चालेल, भरा.” प्रमोदिनी कळवळली, “या वयात तुम्ही कशाला सोसायचं?” “तू उभी राहा, मग मी निवांत बसेन.” शस्त्रक्रिया दोघींवर झाली. पावसाळा सरल्यावर प्लास्टर निघालं. एक्स-रेत फट भरलेली दिसली, तरी प्रमोदिनी खाटेचा दांडा सोडेना. तुंगाबाईंनी लंगडत समोर येऊन हात मागे बांधले. “हाड आता तुझं झालंय. टाक पाऊल.” हाडाने भार पेलला.