नोंदलेला नंबर

"मॅडमना फोन देता का, सर? त्यांनी स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं, तर मी पुढं काहीतरी बघते," सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी म्हणाली.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती खुर्चीत उशांच्या आधारानं बसली होती. आजारानं तिचे हात नेले, मान नेली, जीभ नेली. डोळे तेवढे ठेवले होते.

"तिला बोलताच येत नाही हो. म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"मग कोड नोंदलेल्या नंबरवरच जाणार, सर. आणखी काही मदत करू?"

"नको," म्हणून त्यानं फोन ठेवला.

जीभ पुरती जड होण्याआधी तिनं माइकपुढे बसून रोज थोडी थोडी वाक्यं वाचून ठेवली होती. तेव्हापासून ती स्क्रीनवरच्या अक्षरांकडे बघायची आणि कॉम्प्युटर तिच्याच आवाजात बोलायचा. थेट तिचा आवाज, वाक्याच्या शेवटी जरा दटावणारा. पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. एकेका शब्दासाठी तिचे डोळे पाणावायचे. नवऱ्याचं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, म्हणून सुट्टीचा दिवस बघून त्यानं मोठ्या हौसेनं नवा मदरबोर्ड बसवला. जुन्यातले कामाचे भाग काढून उरलेला लगेच तोडून भंगारात टाकला. धंद्याची सवय.

कॉम्प्युटर आता वाऱ्यासारखा पळत होता, फक्त स्वतःला ओळखत नव्हता. बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन जुन्या बोर्डाला बांधलेलं होतं. ते नव्यावर आणायचं तर तिच्या खात्यात शिरायला हवं, आणि तिचा आवाजही त्याच खात्यात. खात्याचा कोड जाणार तिच्या फोनवर. तो नंबर त्यानंच बंद करून टाकला होता. बोलायचंच नाही तर नंबर कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. तिला विचारलंही नव्हतं.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो बजावायचा, आधी खात्यातला नंबर तपासा, मगच बोर्डाला हात लावू. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

स्क्रीनवर एक चौकोन आला होता. 'तुमचा आवाज सापडला नाही. साधा आवाज वापरा.' नुसतं बघितलं की बटण दाबलं जायचं, म्हणून ती सकाळपासून त्या चौकोनाकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती.

शेवटी त्यानं तिचाच जुना नंबर लावला. रिंग गेली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"कोण बोलतंय?" एका बाईनं विचारलं.

"ताई, हा नंबर आधी माझ्या बायकोचा होता. आता तुम्हाला एक मेसेज येईल. त्यातले आकडे तेवढे वाचून दाखवाल का? फार उपकार होतील."

"वा! आता बायको आजारी आहे, असंही सांगाल."

"आहे."

"लाज नाही वाटत? बायकोच्या दुखण्याचं निमित्त करून लोकांना गंडवता?"

फोन कट झाला. त्यानं पुन्हा लावला, तर लागेना. त्या बाईचं काय चुकलं? 'कोड कुणालाही सांगू नका' अशी पाटी त्याच्या दुकानातही होती, त्याच्याच अक्षरातली.

"चहा टाकतो," असं तिच्याकडे न बघता म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. ओट्याशी नुसता उभा राहिला. गॅस पेटवायचंही सुचेना. तिचा आवाज एकदा आजारानं नेला होता, आणि दुसऱ्यांदा त्यानं. रडू आलं तसं त्यानं ते येऊ दिलं.

"अहो."

पुरुषाचा आवाज होता. खणखणीत, बातम्या द्याव्यात तसा. शेजारचे आले असतील, या वेळी तेच येतात. त्यानं घाईघाईनं तोंडावर पाणी मारलं, बाहीला पुसलं, आणि बाहेर येऊन दार उघडलं.

दारात कुणी नव्हतं. जिना रिकामा होता.

"अहो," मागून पुन्हा तोच आवाज आला. "मी बोलतेय."