पायाखालचा हंडा

पहार टणकन वाजली आणि एलिहियो खड्ड्यातच मटकन बसला.

"दगड असेल," वरून त्याची बायको दानिल्दा म्हणाली. पण तिचा आवाज चिरकला.

"दगड असा वाजतो होय? ऐक." नवऱ्याने पहारेने पुन्हा हळूच ठोकलं. खापराचा आवाज आला.

युना नदीच्या पुराने घराची मागची भिंत पायासकट उचकटली होती; पाया कितपत उरलाय ते बघायला ती दोघं तिथेच खणत होती. छप्पर गेलं, चूल गेली, कोंबड्या तर कुठल्या कुठे गेल्या. दानिल्दाच्या भावाने सांतियागो शहरात खोली बघून ठेवली होती आणि रविवारी तो ट्रक घेऊन येणार होता. तोवर पाया दुरुस्त करायची काही सोय लागली तर राहायचं, नाही तर घर सोडायचं, असं ठरलं होतं. दानिल्दाला सोडायचं नव्हतं. ती याच घरात नवरी होऊन आली होती. त्या शहरातल्या खोलीचं नुसतं नाव निघालं तरी तिचा जीव गुदमरायचा.

केळीच्या सावलीत बसलेल्या एलिहियोच्या आईने, फेफाम्हातारीने, छातीवर क्रुसाची खूण केली.

"माझा सासरा काय म्हणायचा? पूर नेतो ते छप्पर, ठेवतो ते पायाखाली."

ही म्हण त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. दर पुरानंतर ती कुणी ना कुणी म्हणायचंच. धीर धरा, मूळ शाबूत आहे, असाच तिचा अर्थ सगळे घेत. म्हातारा सरळसरळ पत्ता सांगून गेला होता, हे मात्र आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अगं बाई! आई, म्हणजे त्यांनी पुरून ठेवलेला धनाचा हंडा..." दानिल्दाने चपला भिरकावल्या आणि खड्ड्यात उडी मारली. "खण! बघत काय बसलायस, खण!"

दोघं हातांनीच चिखल उपसायला लागली. हंड्याचा गळा दिसला. तोंडाला मेणाचं बूच होतं. दानिल्दाच्या काळजाने असा ठेका धरला की तिला हसूच फुटलं.

"आधी पाया," ती म्हणाली. "पक्का, सिमेंटचा. मग छपराला नवे पत्रे."

"आणि एक मोटरसायकल."

"मोटरसायकल? डोक्यावर छप्पर नाही आणि याला मोटरसायकल हवी!"

"हंडा माझ्या आजोबांचा आहे."

"हो का? मग चिखलही त्यांनाच उपसायला बोलाव!"

कुंपणावरून शेजारच्या सिरिलोचं डोकं वर आलं. "काय रे, काय सापडलं?"

"हंडा!" एलिहियो आनंदाने ओरडला, आणि मग त्याने जीभ चावली.

"मेल्या, तोंड आवर!" फेफाने काठी आपटली. "बूच निघायच्या आधी भांडलात, वर गावभर बोभाटा केलात. लोभाने पोतं फाटतं म्हणतात, ते उगीच नाही."

नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. मेलेल्या माणसाने पुरून ठेवलेलं धन गुपचूप आणि निर्मळ मनाने काढायचं असतं. हाव सुटली, वाच्यता झाली, की त्याचा कोळसा होतो.

एलिहियोने हंडा वर आणला, गळा फोडला आणि दानिल्दाने अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर उपडा केला.

काळे गोळे. ओबडधोबड, एकमेकांना चिकटलेले, काळे ठिक्कर.

कुंपणावरचं सिरिलोचं डोकं हळूच खाली गेलं.

"तुझी मोटरसायकल," अखेर दानिल्दा म्हणाली.

"आणि तुझे पत्रे," एलिहियो म्हणाला.

असला कोळसा घरात ठेवायचा नसतो, वाहत्या पाण्याला देऊन मागे न बघता यायचं असतं. दानिल्दाने गोळे गोणीत भरले आणि चादर झटकली. चिखल झडला, चादर पुन्हा पांढरी झाली. गोणी दोघांनी धरली तरी उचलवेना.

"आई, किती जड आहे हे!"

"पाप हलकं कधी असतं, पोरी?"

नदीपर्यंत ओढत नेऊन त्यांनी गोणी उलटी केली. गोळे डुबुक डुबुक करत तळाला गेले.

"घेतलं नदीने," एलिहियो पुटपुटला. "फोन कर भावाला. ट्रक घेऊन ये म्हणावं."

घरी येईपर्यंत दानिल्दाने दम धरला. मग पुढच्या भिंतीला टेकून ती पोटभर रडली. चूक आपली होती, आणि तेच तिला जास्त लागत होतं. त्या घटकाभरात किती सुंदर होतं सगळं! नव्या पत्र्यांवर वाजणारा पाऊससुद्धा तिने ऐकून घेतला होता.

मग डोळे पुसून ती उठली. एक काम राहिलं होतं. पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं तिथे घरच्या बाईने भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची, अशी रीत होती. फेफाने ओढलेल्या रेघा अजून दिसत होत्या. पुढे या घरात कोण राहील कोण जाणे, पण त्याला कळायला तर हवं.

चूलच वाहून गेलेली, तेव्हा कोळसा कुठून आणणार? पायरीखाली मात्र हंड्यातला एक गोळा घरंगळून पडला होता.

"ए पोरी, टाक तो! अवलक्षणी मेला!" फेफा ओरडली.

"रेघ ओढते आणि टाकते, आई."

तिने गोळा भिंतीवर टेकवला आणि सरळ ओढत नेला. रेघ उमटली नाही. तिने जोर लावला, खरबरीत सिमेंटवर तो रागारागाने पुढेमागे घासला, बोटं दुखेपर्यंत घासला. मग बघते तर बोटांनाही काळं लागलं नव्हतं.

कोळसा उगाळावा तितका काळाच, पण हा घासावा तितका पांढरा होत चालला होता; आणि दानिल्दाच्या अंगठ्याखाली, घासलेल्या जागेतून, नाण्यावरच्या कुण्या जुन्या राजाचं चांदीचं नाक वर आलं.