ज्युरीतल्या बाईंचा आवाज

"ताई, तुम्ही नुसते ओठ हलवा. डबिंगला दुसरा आवाज घेऊ," दिग्दर्शक निनाद हळुवारपणे म्हणाला.

एकेकाळी रंगभूमी गाजवलेल्या हेमांगी केरकरांची जीभ पक्षाघातानंतर जड झाली होती. ज्युरी असण्याच्या जुन्या काळातल्या खून खटल्यावरच्या या मालिकेत ज्युरीतली मूक बाई म्हणून त्या आजवर नुसत्या बसून होत्या. आज त्यांच्या वाट्याला पहिलं वाक्य आलं होतं.

"नको. म... मीच बोलेन."

कॅमेरा सुरू झाला. बाकीचे ज्युरी एकामागून एक "दोषी" म्हणत गेले. हेमांगीताई उठल्या, पण शब्द जिभेवरच अडला. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि एकेक अक्षर ओढून काढत म्हणाल्या, "निर्दोष आहे तो. मी त्याला... फाशी... होऊ देणार नाही."

निनाद 'कट' म्हणायचंच विसरला. टाळ्यांची सुरुवात लाइटवाल्यांनी केली.

"हाच आवाज राहणार, ताई!" तो डोळे पुसत म्हणाला. "पुढच्या भागात या सगळ्यांची मनं तुम्हीच वळवायची."

"मग लेखकाला सांग," ताई खळखळून हसल्या, "हात आखडता घेऊ नकोस म्हणावं. मला पानभर संवाद हवेत!"