दार धरणारी

मुलांनो, डोळे मिटा आणि छत्तीसगडातल्या, हिंदी बोलणाऱ्या भिलाईच्या शाळेत नवी आलेली शालू नजरेसमोर आणा. मुलींच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून एकजण आत गेली की मैत्रीण बाहेरून दार धरायची. शालूला मैत्रीणच नव्हती. ती दिवसभर पाणीच टाळायची. "कावून वं, आजबी पानी नाई पेली?" भरलेली बाटली पाहून आई विचारायची. "तहानच नाई लागली." एकदा बाईंनी फळ्यावर मूत्रपिंडं काढली. "इथं रक्त गाळून लघवी बनते आणि मूत्राशयात साठते. मूत्राशय कुठं? हात ठेवा बरं." कुणी छाती चाचपली, कुणी पाठ. शालूचा हात थेट रोज दुखणाऱ्या ओटीपोटावर गेला. शेवटच्या बाकावरच्या मुलीचाही हात तिथंच होता. तिची बाटलीही भरलेली. मधल्या सुट्टीत शालू तिच्यापाशी गेली. "तू दरवाजा पकड, फिर मैं पकडूँगी," म्हणत शालूनं आपली बाटली तोंडाला लावली.