काचेपलीकडचे ठोके

विश्राम सकाळी गेला, पण त्याचं हृदय शेजारच्या खोलीत काचेच्या पेटीत धडधडतच होतं. त्यातली कर्करोगाची गाठ कापायला डॉक्टरांनी ते बाहेर काढलं होतं आणि तोवर त्याच्या छातीत पंप बसवला होता. हृदय परत बसवण्याआधीच मेंदूत रक्तस्राव झाला.

"गाठ निघाली होती ना?" त्याच्या आईने, द्वारकाबाईंनी विचारलं.

"पूर्ण निघाली होती, मावशी."

"मग कुणाला तरी बसवा."

"कर्करोग झालेलं हृदय दुसऱ्याला देता येत नाही," डॉक्टर केंकरे म्हणाले. "यंत्र बंद करावं लागेल. तुम्ही सांगाल तेव्हा."

पंप बसवल्यापासून लेकाच्या छातीत नुसती घरघर ऐकू यायची. द्वारकाबाईंनी पेटीच्या काचेला कान लावला आणि कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

"थांबवा आता," त्या म्हणाल्या. "दमला असेल."