जुन्या मापाचं नवं सूत

कुरखेड्यातल्या आमच्या धान खरेदी संस्थेतले संगणक तेरा वर्षांचे. दिवाळीआधी वरून नोंदणीचा नवा प्रोग्रॅम आला आणि तो त्यांच्यावर सुरूच होईना. नागपूरहून आलेल्या इंजिनिअरने पाच मिनिटं पाहिलं, चहा प्याला आणि सांगितलं, "भंगारात द्या."

बाहेर शेतकऱ्यांची रांग. प्रोग्रॅमला लागणारी नवी पॅकेजं, म्हणजे त्याला आधार देणारे छोटे प्रोग्रॅम, आमच्या जुन्या सिस्टीमसाठी कोणी बनवलीच नव्हती. त्यांचा कोड कोणालाही पाहता-बदलता येईल असा खुला होता, म्हणून मी तो घेतला आणि जुन्या सिस्टीमला झेपेल असा बदलून पुन्हा बांधला. माझे बाबा तलावावरचं फाटकं जाळं असंच सांधतात. सूत नवं, पण भोकांचं माप जुन्या जाळ्याचं. तिसऱ्या दिवशी नोंदणी सुरू झाली.

स्वतःचा पासवर्ड मला विचारणारे आमचे व्यवस्थापक साहेब म्हणाले, "म्हणजे जुगाडच केला ना, साधनाबाई."

मार्चमध्ये त्यांनी माझं संगणक ऑपरेटरचं कंत्राट थांबवलं. "तुमचं सर्टिफिकेट २०१२ चं आहे. जुन्या शिक्षणावर नवीन काम होत नाई." माझ्या जागी यंदाचं सर्टिफिकेट असलेली करिष्मा आली.

आठवड्याभरात साहेबांचा फोन. "साधनाबाई, त्या पोरीले आपले संगणक समजूनच नाई राह्यले. चार दिवस येऊन तिले शिकवून द्या."

मी म्हटलं, "शिकवलं असतं साहेब. पण जुन्या सर्टिफिकेटवर शिकवलेलं तुमच्याकडे चालन का?"