खिडकीजवळचं टेबल

बोटीतून उतरलेल्या एका पाहुण्याने आम्हां दोघांना विचारलं, "इथे चांगलं जेवायला कुठे मिळेल?"

मी मफलर सारखा करत आठवू लागलो, तोवर बायको म्हणाली, "दीपस्तंभाच्या गल्लीत निळ्या दाराची खानावळ आहे. मासळी अगदी ताजी. आम्ही नेहमी खिडकीजवळ बसतो, तिथून बोटी दिसतात."

पाहुणा आभार मानून गेला. मी त्या खानावळीची पायरीसुद्धा कधी चढलो नव्हतो. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर खिडकीजवळ एक देखणा, गप्पिष्ट माणूस बसला होता आणि बायको त्याच्या विनोदांवर हसत होती.

दाराशी आल्यावर मला राहवेना. "हे 'आम्ही' म्हणजे कोण गं?"

"तुम्ही दर गुरुवारी वाचनालयात जाता ना, तेव्हा जाते मी."

"कोणाबरोबर?"

तिने शांतपणे कुलूप उघडलं. "समोरच्या रिकाम्या खुर्चीबरोबर. तीही तुमच्यासारखीच काही बोलत नाही हो. पण निदान तोंडापुढे पुस्तक तरी धरत नाही."